फुकट तिकिटाचे मोल : ‘लेट नाइट’ कार्यक्रमाचा प्रेक्षक होताना

कॅलिफोर्नियातील डब्लिन शहरात रात्री साडेअकराच्या सुमारास दूरचित्रवाणी संच लावला, की सातव्या क्रमांकाच्या वाहिनीवर ‘जिमी किमेल लाइव्ह’ सुरू होण्याच्या बेतात असतो. वाद्यवृंद वाजू लागतो, सूत्रसंचालक पडद्याआडून पुढे येतो आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. पडद्यावर रात्र असते. तो कडकडाट मात्र त्याच दिवशी दुपारी उशिरा, बाहेर लख्ख ऊन असताना झालेला असतो. टाळ्या वाजवणारी माणसे आपल्यासारखीच सामान्य असतात आणि आत येण्यासाठी त्यांनी एक पैसाही मोजलेला नसतो.

‘मग आपल्यालाही तिथे जाता येईल का?’ हा प्रश्न आमच्या परिचयाच्या मराठी घरांत अनेकदा निघतो. उन्हाळ्यात भारतातून आई-वडील येतात आणि लॉस एंजेलिसच्या सहलीचा बेत ठरतो, तेव्हा तर हमखास निघतो. उत्तर ‘हो’ असेच आहे. तथापि हे तिकीट फुकट असले तरी बिनमोल नाही. प्रेक्षक त्याची किंमत वेळेने, हसण्याने आणि स्वतःच्या चेहऱ्याने चुकवतो. ही किंमत आधी माहीत असली तर अनुभव आनंदाचा होतो. नसली तर पदरी मनस्ताप येतो. म्हणून ही माहिती.

हा प्रकार कुठून आला

रात्री उशिराच्या गप्पांच्या कार्यक्रमाचा साचा अमेरिकेत सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. एनबीसी वाहिनीवर २७ सप्टेंबर १९५४ रोजी स्टीव्ह ॲलन यांच्या सूत्रसंचालनाखाली ‘टुनाइट’ देशभर दिसू लागला. दिवसभराच्या बातम्यांवर उभ्याउभ्या केलेली टिप्पणी, नंतर मेज आणि सोफा, दोन-तीन पाहुणे, अखेरीस एखादे गाणे, हा क्रम पुढे रूढ झाला. जॉनी कार्सन यांनी १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षे हा कार्यक्रम चालवला आणि त्याला राष्ट्रीय सवयीचे रूप दिले. १९७२ मध्ये त्यांनी तो न्यू यॉर्कहून लॉस एंजेलिसजवळच्या बरबँक येथे आणला. २०१४ मध्ये जिमी फॅलन यांच्याबरोबर तो न्यू यॉर्कला परतला. डेव्हिड लेटरमन यांनी १९९३ मध्ये सीबीएसवर ‘लेट शो’ सुरू केला, तो ब्रॉडवेवरील एड सलिव्हन थिएटरमध्ये. याच वास्तूतून १९६४ मध्ये ‘बीटल्स’ अमेरिकेला प्रथम थेट दिसले होते. किमेल यांचा कार्यक्रम जानेवारी २००३ मध्ये एबीसीवर आला.

आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या मराठी वाचकांना हा साचा अनोळखी नाही. शेखर सुमन यांचा ‘मूव्हर्स अँड शेकर्स’ सोनी वाहिनीवर याच धर्तीवर चालत असे. ‘झी मराठी’वर २०१४ पासून ‘चला हवा येऊ द्या’ने समोर बसलेल्या प्रेक्षकांच्या साक्षीने विनोदाची थट्टामस्करी घराघरांत नेली. फरक एवढाच, की अमेरिकेतील कार्यक्रम आठवड्यातून चार-पाच रात्री, त्या त्या दिवसाच्या बातमीवर उभा असतो. लेखकांची लेखणी थांबली की तोही थांबतो. २ मे २०२३ रोजी पटकथालेखकांचा संप सुरू झाला, तेव्हा सर्वांत आधी बंद पडले ते हेच कार्यक्रम.

तिकीट म्हणजे आसन नव्हे

बहुतेक कार्यक्रमांची तिकिटे संकेतस्थळावर नाव नोंदवून मिळतात. किमेल यांच्या कार्यक्रमासह अनेक कार्यक्रमांची व्यवस्था ‘वन आयोटा’ ही प्रेक्षकसेवा पाहते. हवी ती तारीख निवडायची, माणसांची संख्या कळवायची आणि होकाराची वाट पाहायची. तारीख जवळ आल्यावर जागा सुटतात, म्हणून एकदा नकार आला तरी अधूनमधून पाहत राहावे. तिकीट विनामूल्य असते आणि दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. कोणी पैसे घेऊन ते विकत असेल, तर त्या वाटेला जाऊ नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट बारीक अक्षरांत लिहिलेली असते : तिकीट हातात आहे म्हणजे आसन मिळेलच, असे नाही. रिकामी खुर्ची कॅमेऱ्यात दिसणे निर्मात्यांना परवडत नाही. न येणाऱ्यांचा अंदाज धरून, आसनांपेक्षा अधिक तिकिटे वाटली जातात. काही तिकिटे अग्रक्रमाची असतात, काही साधी; शिवाय आयत्या वेळी उभे राहणाऱ्यांची वेगळी रांग असते. जो आधी येईल तो आत जाईल, हाच नियम.

आमचा पहिला प्रयत्न याच नियमावर आपटला. कार्यक्रमाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. तिकिटावर छापलेल्या वेळेला आम्ही अगदी नेमके पोहोचलो आणि वक्तशीरपणाचे समाधान मानत रांगेत उभे राहिलो. पाऊण तासाने एक तरुण कर्मचारी आला, आमच्या पुढच्या चौघांपर्यंत मोजले आणि हसतमुखाने ‘आज एवढेच’ म्हणाला. साताऱ्याहून आलेले माझे वडील निवृत्त शिक्षक. ते एवढेच म्हणाले, “आपल्याकडे एसटीचंसुद्धा आरक्षण असलं, तर खिडकी मिळते.” तेव्हापासून छापील वेळेच्या किमान तासभर आधी पोहोचण्याचा नियम आम्ही स्वतःला घालून घेतला आणि दुसऱ्या खेपेस आत गेलो.

डब्लिनहून जाताना

बे एरियात असा राष्ट्रीय कार्यक्रम होत नाही. सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे हॉलिवुड. किमेल यांचा कार्यक्रम हॉलिवुड बुलेव्हार्डवरील एल कॅपिटन एंटरटेनमेंट सेंटरमध्ये चित्रित होतो. ऑस्कर सोहळ्याचे डॉल्बी थिएटर आणि ताऱ्यांच्या पंजांचे ठसे असलेले चायनीज थिएटर समोरच्याच बाजूला आहे. त्यामुळे ज्येष्ठांना घेऊन गेलात, तर एका दिवसात दोन्ही बघून होतात.

डब्लिनहून ५८० क्रमांकाच्या महामार्गाने आल्टामाँटचा घाट ओलांडून पुढे पाच क्रमांकाच्या महामार्गाला लागायचे. अंतर सुमारे साडेतीनशे मैल. वाहतूक बरी असली तरी साडेपाच-सहा तास लागतात. सकाळी निघून दुपारच्या चित्रीकरणाला पोहोचण्याचा हिशेब कागदावर जमतो, प्रत्यक्षात लॉस एंजेलिसची कोंडी तो मोडते. आदल्या रात्री पोहोचणे उत्तम. विमानाने जायचे असल्यास ओकलंडहून बरबँकचा विमानतळ सोयीचा पडतो. शहरात गाडी उभी करण्याचा खर्च टाळायचा असेल, तर मेट्रोची ‘बी’ मार्गिका हॉलिवुड-हायलँड स्थानकावर उतरवते. तेथून थिएटर चालत काही मिनिटांवर आहे.

रांग, तपासणी आणि पेहराव

वयोमर्यादा कार्यक्रमागणिक बदलते; बहुधा ती १६ किंवा १८ वर्षांची असते. घरातील सातवी-आठवीतील मुलाला नेण्याचा बेत असेल, तर आधीच तपासावे; दारात विनंती चालत नाही. प्रत्येक प्रौढाकडे छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र हवे. भारतातून आलेल्या पालकांसाठी ते म्हणजे मूळ पारपत्र. ते हॉटेलच्या खोलीत विसरणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग अपघात.

पिशव्या लहान असाव्यात. धातुशोधक दारातून जावे लागते. भ्रमणध्वनी बंद करावे लागतात. काही ठिकाणी ते सीलबंद पाकिटात ठेवायला सांगतात. आत छायाचित्र काढता येत नाही, त्यामुळे नातेवाइकांना पाठवायचे छायाचित्र थिएटरच्या पाटीखाली आधीच काढून घ्यावे. कपडे नीटनेटके असावेत. मोठी बोधचिन्हे, बारीक पट्ट्या आणि झगमगीत पांढरा रंग कॅमेऱ्याला त्रास देतात, म्हणून टाळायला सांगतात. साडी नेसून जाण्यास काहीच हरकत नसते.

स्टुडिओ थंड असतो. शेकडो दिव्यांची उष्णता आणि माणसांची झोप, दोन्ही आटोक्यात ठेवण्यासाठी वातानुकूलन जोरात चालते. लेटरमन यांचे थिएटर तर थंडीसाठीच प्रसिद्ध होते. बाहेर जूनचे ऊन असले तरी ज्येष्ठांसाठी स्वेटर किंवा शाल बरोबर असावी. रांगेत दीड-दोन तास उभे राहावे लागू शकते आणि एकदा आसनावर बसवल्यावर प्रसाधनगृहात जाण्याची मुभा सहसा नसते. मधुमेह असलेल्यांनी खाणे-औषध आत जाण्यापूर्वी उरकावे. चाकांची खुर्ची लागत असेल किंवा फार वेळ उभे राहता येत नसेल, तर नाव नोंदवतानाच कळवावे. १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यामुळे अशी सोय करणे प्रेक्षागृहांवर बंधनकारक आहे. ती मागण्यात संकोच नसावा.

आत काय घडते

पहिले आश्चर्य म्हणजे जागेचे लहानपण. पडद्यावर विशाल भासणारा मंच प्रत्यक्षात एखाद्या शाळेच्या सभागृहाएवढा वाटतो. आपण कुठे बसायचे ते आपण ठरवत नाही. उत्साही चेहऱ्याची मंडळी कर्मचारी हेरून पुढे बसवतात.

मुख्य कार्यक्रमाआधी प्रेक्षकांना तापवण्याचे काम करणारा एक विनोदकार येतो. तो कोण कुठून आले ते विचारतो, चिडवतो, टाळ्यांची तालीम घेतो. त्याचे नाव घरी बसलेल्यांना कधीच कळत नाही, परंतु पुढच्या तासाचा सूर तोच लावतो. मैफलीआधी तानपुरा जुळवावा, तसे हे काम. मंचाच्या वर टाळ्यांची सूचना देणारी पाटी उजळते. सूत्रसंचालक कॅमेऱ्याशेजारी धरलेल्या मोठ्या अक्षरांतल्या फलकांवरून विनोद वाचतो. जाहिरातींच्या वेळेत वाद्यवृंद वाजत राहतो, रंगभूषाकार धावत येतात, निर्माते मेजाशी कुजबुजतात. घरी न दिसणारा हा भाग पाहणे, हाच खरे तर जाण्यातला मोठा लाभ आहे.

चित्रीकरण जवळजवळ सलग होते, कारण हाताशी वेळ नसतो. पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे ११.३५ वाजतात, तेव्हा कॅलिफोर्नियात ८.३५ झालेले असतात. हॉलिवुडमध्ये दुपारी उशिरा चित्रित झालेला कार्यक्रम तेवढ्या अवधीत संकलित होऊन पुढे जावा लागतो. किमेल यांच्या कार्यक्रमाच्या नावात ‘लाइव्ह’ आहे. सुरुवातीच्या काळात तो खरोखरच थेट प्रसारित होत असे. आता नाव तेवढे उरले आहे.

हसण्याचे काम

मराठी प्रेक्षकाला या साऱ्यात एक गोष्ट खटकते : हसण्याची सूचना. संगीत नाटकाच्या काळापासून ‘वन्स मोअर’ देणे हा आपल्या प्रेक्षकाचा स्वयंभू हक्क. नट कितीही मोठा असो, दाद मागून मिळत नाही, असे आपण मानतो. येथे पाटी उजळली की टाळ्या वाजतात.

दुसऱ्या खेपेस बाहेर पडल्यावर वडिलांनी हेच विचारले. “मी हसलो ते मला हसू आलं म्हणून, की सगळे हसले म्हणून?” इंग्रजी त्यांना उत्तम येते, पण अर्ध्या विनोदांचे संदर्भ, म्हणजे कोणता सिनेटर, कोणती जाहिरात, कोणता फुटबॉल संघ, त्यांना ठाऊक नव्हते. तरीही ते हसले होते. परभाषेतील विनोद समजण्याआधी हसणे आपण सर्वांनीच केले आहे. कार्यालयातील पहिल्या वर्षी तर रोज. म्हणून ज्येष्ठांना नेण्यापूर्वी आठवडाभर तो कार्यक्रम त्यांच्याबरोबर घरी पाहावा आणि त्या दिवसांतल्या बातम्या सांगून ठेवाव्यात. मग हसू उसने राहत नाही.

सूचनेवरून हसणे खोटे ठरते का? १९५० च्या दशकात चार्ली डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने ध्वनिमुद्रित हशा जोडणारे यंत्र तयार केले आणि विनोदी मालिकांत ते सर्रास वापरले गेले. तरीही रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांनी जिवंत प्रेक्षक सोडला नाही. त्याचे कारण मार्च २०२० मध्ये सर्वांना दिसले. करोनाच्या साथीने प्रेक्षागृहे रिकामी केली. सूत्रसंचालक आपापल्या घरून बोलू लागले. स्टीफन कोलबेर यांनी तर घरातील न्हाणीघरात, टबमध्ये बसून भाष्य सादर केले. विनोद तेच होते, परंतु विनोदानंतरची शांतता ऐकवत नव्हती. विनोदी कलावंत हशाच्या लांबीवरून पुढचे वाक्य कधी टाकायचे ते ठरवतो. हशा नाहीसा झाला की त्याचे पाऊल चुकते. जून २०२१ मध्ये कोलबेर यांच्यापुढे पुन्हा भरगच्च प्रेक्षक आले, तेव्हा प्रेक्षक ही शोभा नसून कार्यक्रमाचा अर्धा भाग आहे, हे नव्याने सिद्ध झाले. पाटी टाळी मागू शकते, हसू मागू शकत नाही.

त्या हशाला स्वतःची समजही असते. २००५ मध्ये ऐश्वर्या राय लेटरमन यांच्या कार्यक्रमात गेली. आई-वडिलांबरोबर राहतेस का, हे भारतात सर्वमान्य आहे का, असा काहीसा चिमटा त्यांनी काढला. आई-वडिलांसोबत जेवायला आम्हाला वेळ ठरवून घ्यावी लागत नाही, अशा आशयाचे तिचे उत्तर आले आणि प्रेक्षागृहाने टाळ्या दिल्या. त्या टाळ्या यजमानाच्या बाजूने नव्हत्या.

चेहरा आणि संमती

आत जाताना आपण एका अटीला मान्यता देतो : आपले चित्र आणि आवाज प्रसारणात वापरता येईल. बहुतेकांना तो आनंदच वाटतो. परंतु या कार्यक्रमांतील पहिली दहा मिनिटे बव्हंशी राजकीय असतात आणि कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरतो. व्हिसावर राहणाऱ्या घरांत अलीकडे एक दबका प्रश्न ऐकू येतो, ‘राष्ट्राध्यक्षांवरच्या विनोदाला हसताना आपण दिसलो तर?’ २०२५ मध्ये परराष्ट्र खात्याने आधी विद्यार्थी व्हिसाच्या आणि वर्षअखेरीस एच-वन-बी व एच-फोर अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील वावराची तपासणी जाहीर केली, तेव्हापासून ही धास्ती वाढली आहे.

वस्तुस्थिती अशी, की प्रेक्षक म्हणून कार्यक्रमाला जाण्यास कोणत्याही व्हिसाची आडकाठी नाही. पर्यटक व्हिसावर आलेले पालकही निर्धास्त जाऊ शकतात. एक पथ्य मात्र पाळावे. लॉस एंजेलिसमध्ये काही चित्रीकरणांना प्रेक्षक म्हणून बसण्याचे पैसे मिळतात. तो मोबदला म्हणजे काम, आणि पर्यटक व्हिसावर मोबदल्याचे काम करता येत नाही. ‘बसायचे पैसे मिळतात, बाबांनाही नेऊ’ हा मोह टाळावा. बाकी, कॅमेऱ्यात यायचे नसल्यास मागची किंवा कडेची जागा मागता येते. ती मिळेलच असे नाही, पण सांगितल्यास बहुधा ऐकतात.

रांगेने पाहिलेले २०२५

या कार्यक्रमांचे भवितव्य आता पूर्वीइतके निर्धास्त नाही. १७ जुलै २०२५ रोजी कोलबेर यांनी एड सलिव्हन थिएटरमधील प्रेक्षकांसमोर सांगितले, की सीबीएस ‘लेट शो’ मे २०२६ मध्ये बंद करणार आहे. प्रेक्षागृहातून नाराजीचा आवाज उठला. निर्णय निव्वळ आर्थिक असल्याचे वाहिनीने म्हटले. पालक कंपनी पॅरामाउंटने राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याशी १ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड केली होती आणि कोलबेर यांनी काही दिवसांपूर्वीच तिच्यावर टीका केली होती. त्यामुळे अनेकांना ते स्पष्टीकरण पटले नाही.

दोनच महिन्यांनी, १७ सप्टेंबर रोजी, चार्ली कर्क यांच्या हत्येनंतरच्या राजकारणावर किमेल यांनी केलेल्या विधानांवरून एबीसीने त्यांचा कार्यक्रम थांबवला. त्याआधी संघीय दळणवळण आयोगाच्या अध्यक्षांनी जाहीर इशारा दिला होता आणि स्थानिक केंद्रांच्या मोठ्या मालक कंपन्यांनी कार्यक्रम दाखवण्यास नकार कळवला होता. त्या दुपारी हॉलिवुड बुलेव्हार्डवर प्रेक्षकांची रांग लागलेली होती. चित्रीकरण होणार नाही, असे त्यांना तेथेच सांगण्यात आले. २३ सप्टेंबरला किमेल परतले. नेक्सस्टार आणि सिंक्लेअर यांच्या मालकीच्या केंद्रांवर त्यानंतरही काही दिवस तो दिसला नाही. डब्लिनमध्ये दिसला, कारण सॅन फ्रान्सिस्कोचे सातव्या क्रमांकाचे केंद्र एबीसीच्या स्वतःच्या मालकीचे आहे.

सत्तेची टवाळी आणि ती ऐकायला जमलेली माणसे, एवढ्यावर हा कार्यक्रम उभा आहे. दोहोंपैकी एकाला दाराबाहेर थांबवले की दुसऱ्याला अर्थ उरत नाही. फुकट तिकिटाचे हे तिसरे, न दिसणारे मोल. आपण केवळ करमणुकीला जात नाही, साक्षीला बसतो.

परतताना

चित्रीकरण संपून बाहेर पडलो, तेव्हा अजून उजेड होता. त्याच संध्याकाळी गाडीने परत निघालात, तर प्रसारणाच्या वेळी तुम्ही पाच क्रमांकाच्या महामार्गावर कुठेतरी असाल. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी ‘हुलू’वर पाहता येतो. आम्ही तो तसाच पाहिला. प्रेक्षकांवरून कॅमेरा फिरला त्या दोन सेकंदांत वडील दिसतात, खाकी स्वेटरमध्ये, मान किंचित तिरकी करून ऐकताना. सगळे हसत आहेत; ते हसत नाहीत. क्षणभराने, कॅमेरा सरकता सरकता, त्यांना विनोद कळतो आणि ते एकटेच उशिरा हसतात. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना तिथेच मिळाले.